चाकासारखा विषाणू आणि पंधरा मिनिटांची पट्टी

आज आपण एका लहानशा पट्टीचा इतिहास पाहणार आहोत.

आपल्या वऱ्हाडात जुलाब म्हटले की पावसाळाच आठवतो. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी-कोयलारीला विहिरीच्या दूषित पाण्याने माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. पण ऐन थंडीत, तुरीच्या काढणीच्या दिवसांत, अकोल्यात किंवा अमरावतीत वर्षाच्या आतलं लेकरू उलट्या-जुलाबांनी गळून जातं, तेव्हा काय? आजी म्हणते, दात येताहेत. मेडिकलवाला अँटिबायोटिकची बाटली देतो. खरा गुन्हेगार दोघांनाही दिसलेला नसतो.

1973 पर्यंत तो कुणालाच दिसला नव्हता. त्या वर्षी मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे चाकासारखे विषाणू दिसले. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक, म्हणून रोटाव्हायरस. गंमत बघा, दोनच वर्षं आधी, 1971 मध्ये, दिलीप महालनोबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले होते. रोटाच्या जुलाबांवरचा उपाय आधी हाती आला, रोटाचं नाव नंतर कळलं.

पण तसला सूक्ष्मदर्शक जिल्ह्याच्या वॉर्डात कसा येणार? सत्तरच्या दशकात एलायझा चाचणी आली. शौचाचे अनेक नमुने एकदम तपासता येऊ लागले, पण त्याला प्रयोगशाळा आणि काही तास लागत. मग काचपट्टीवरची लॅटेक्स चाचणी आली, आणि पुढे ही पट्टी. तिच्यावर प्रतिपिंडे बसवलेली असतात. नमुन्यात विषाणूची प्रथिने असली की ती अडकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत रंगीत रेघ उमटते. कोविडच्या किटमुळे हे आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो: रोटा निघाला, तर औषध काय? या विषाणूवर नेमकं औषध नाही. ओआरएस, अंगावरचं दूध चालू ठेवणं आणि चौदा दिवस झिंक, एवढंच. मग चाचणीने काय साधलं? एक, विनाकारण दिलं जाणारं अँटिबायोटिक थांबवता येतं. दोन, वॉर्डातल्या इतर लेकरांना जपता येतं. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, मोजदाद होते. 2005 च्या अखेरीस आयसीएमआरचं देशव्यापी सर्वेक्षण सुरू झालं. जुलाबांसाठी दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांत रोटा सापडला. आकडा हाती असला की लशीची मागणी रेटता येते. 2016 मध्ये लस सरकारी कार्यक्रमात आली आणि 2019 मध्ये महाराष्ट्रात पोहोचली: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तोंडावाटे.

तरी एक गोष्ट विसरू नये. पट्टीवर रेघ नाही उमटली, तरी दुसरा विषाणू असू शकतो. आणि धारणीहून अमरावती हा काही तासांचा घाटरस्ता आहे. डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, लघवी थांबली आहे, हे निदान आईला पट्टीशिवाय करता येतं. तेव्हा अहवालाची वाट पाहायची नाही. चमचा-चमचा ओआरएस पाजत दवाखाना गाठायचा.