ख्वान : एका चोरट्या खंडाची कुळकथा
व्हिएतनामच्या बाजारवादी वळणाची जन्मतारीख डिसेंबर १९८६ अशी सांगितली जाते. त्या महिन्यात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’चे धोरण स्वीकारले. पण ज्या व्यवस्थेने या देशाचा तांदूळ परदेशी बाजारात नेला, ती ‘ख्वान’ पद्धत त्याहून वीस वर्षांनी जुनी, आणि बराच काळ बेकायदा. आपल्याकडच्या खंडाच्या शेतीसारखीच ती : ठरलेले भात सहकारी संस्थेला घालायचे, वरचे घरात ठेवायचे. उत्तरेतल्या विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ मध्ये, अमेरिकी बॉम्बहल्ले चालू असताना, ती उघडपणे राबवली. त्याआधी सामूहिक शेतावर राबणाऱ्याच्या नावे श्रमगुण मांडले जात आणि सुगीनंतर त्या हिशेबाने धान्य मिळे; रोपे जगली की मेली याचे त्याला फारसे सोयरसुतक नसे. १९६८ मध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते त्रुओंग चिन्ह यांनी न्गोक यांना जाहीर फटकारले आणि प्रयोग बंद पडला, निदान कागदावर. पुढच्या दशकात कित्येक गावे चोरून वाटे देत राहिली. अखेर जानेवारी १९८१ च्या निर्देश क्रमांक १०० ने पक्षाने त्या चोरीवर शिक्का मारला. गंमत अशी, की १९८६ मध्ये सुधारणांचा आग्रह धरणारे सरचिटणीसही त्रुओंग चिन्हच होते.

तांदळाच्या निर्यातीचे श्रेय ख्वानला देण्यावर वजनदार आक्षेप आहे : निर्यातीचा तांदूळ मुख्यतः दक्षिणेतल्या मेकाँगच्या मुखप्रदेशातला, आणि तिथे सामूहिक शेती धड रुजलीच नव्हती, मग श्रेय उत्तरेतल्या ख्वानला कशाला? शिवाय निर्देश १०० चा जोरही काही वर्षांत ओसरला. खंड चढत गेला, आणि १९८८ मध्ये उत्तरेत पुन्हा उपासमार आली. हे सारे खरेच आहे. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठराव क्रमांक १० ने कुटुंबालाच शेतीचा मूळ घटक मानून जमीन दीर्घ मुदतीने दिली, तेव्हा ख्वानचे तत्त्व देशभर लागू झाले आणि दक्षिणेतल्या शेतकऱ्यामागचा सामूहिकीकरणाचा तगादाही सुटला. जोडीला भाव मोकळे झाले. १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात झाला. एका वर्षात ना जमीन वाढते, ना कालवे खोदून होतात; बदलली ती व्यवस्थाच. सोव्हिएत मदत आटल्यामुळे हे घडले म्हणावे, तर ती मदत तुटली त्यानंतर. परदेशी व्यापाराची किल्ली मात्र शेतकऱ्याच्या हाती आली नाही : तांदळाच्या निर्यातीवरचा सरकारी कोटा २००१ पर्यंत टिकला, आणि त्यातला मोठा वाटा सरकारी कंपन्यांकडेच जाई.