बेचिराग गावांची चित्रे

इंग्लंडचे खेडे म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर कॅलेंडरावरचे एक चित्र उभे राहते. दगडी घरे, उतरती छपरे, ओढ्यावरचा कमानीचा पूल, चर्चचा मनोरा आणि पलीकडच्या हिरव्या टेकडीवर चरणाऱ्या मेंढ्या. यॉर्कशायर, लँकेशायर, कंब्रिया, नॉर्थंबरलंड या उत्तरेकडच्या परगण्यांत हे चित्र अजूनही जसेच्या तसे सापडते. आम्ही या गावांतून हिंडलो, तिथल्या फरसबंद गल्ल्या चढलो-उतरलो आणि त्या सौंदर्याने भारावलोही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इतिहास वाचणाऱ्याला एक खोड असते. या चित्रात माणसे इतकी कमी का, असा प्रश्न त्याला पडतो. शांतता नेहमीच सुखाची असते असे नाही. कधी कधी ती माणसे निघून गेल्याचीही असते.

गावांच्या नावांपासूनच सुरुवात करू. इ. स. ८६६ मध्ये डेन्मार्ककडच्या लढवय्यांनी यॉर्क जिंकून घेतले. ते लुटारू म्हणून आले, पण पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी नांगर हाती धरला. यॉर्कशायरमधल्या असंख्य गावांच्या नावांच्या शेवटी 'बी' येते. तो त्यांच्याच भाषेतला 'गाव' या अर्थाचा शब्द. कंब्रियातल्या नावांत 'थ्वेट' आढळते, म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा. याच मुलखात 'ग्रेट आयटन' आणि 'लिटल आयटन' अशी दोन शेजारगावे आहेत. ही नावे वाचताच आम्हाला आपल्याकडची बुद्रुक आणि खुर्द ही जोडी आठवली. 'बुजुर्ग' आणि 'खुर्द' हे फारसी शब्द; पण आपल्या गावाच्या नावात परकी भाषा आहे, असे आज कोणत्याही बुद्रुक गावच्या पाटलाला वाटत नाही. यॉर्कशायरच्या शेतकऱ्यालाही 'बी' परका वाटत नाही. काल परका असलेला आज मातीचा होतो. गावाचे नाव हा त्याचा सर्वांत जुना दाखला.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. उत्तरेने बंड केले, तेव्हा १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याच्या फौजेने गावेच्या गावे जाळली, धान्य आणि गुरे नष्ट केली. सोळा वर्षांनी, १०८६ मध्ये, त्याने साऱ्या राज्याची जमीनमोजणी करून 'डूम्सडे बुक' तयार करवले. त्यात यॉर्कशायरच्या कितीतरी गावांपुढे 'ओसाड आहे' एवढीच लॅटिन नोंद आहे. आपल्या महसुली दप्तरात अशा गावासाठी 'बेचिराग' हा शब्द आहे. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. सरकार कोणतेही असो, कारकुनाच्या एका शब्दात गाव संपते.

पण उत्तरेची सारीच गावे तलवारीने उठवली नाहीत. पुढच्या काळात मेंढीने पुष्कळ काम केले. ११३२ मध्ये स्थापन झालेल्या फाउंटन्स आणि रीव्हो या मठांतल्या साधूंना एकांत हवा होता. त्यांनी माळरानावर मेंढ्यांचे मोठमोठे कळप पाळले आणि त्यांची लोकर फ्लँडर्स, इटलीपर्यंत जाऊ लागली. एकांतासाठी काही ठिकाणी जुनी वस्ती हलवून तिथे मठाची शेती करण्यात आली. १३४८-४९ च्या प्लेगने माणसे कमी झाली, मजुरी महागली आणि जमीनदारांनाही तोच हिशेब पटला. नांगराला दहा माणसे लागतात, मेंढरांना एक मेंढपाळ पुरतो. यॉर्कशायरच्या वोल्ड्स टेकड्यांतले व्हॅरम पर्सी हे गाव असेच गेले. १५०० च्या सुमारास तिथली शेवटची कुटुंबे घराबाहेर काढली गेली आणि शेतांचे कुरण झाले. आज तिथे चर्चचे पडके अवशेष आणि गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे तेवढे दिसतात.

या गावाची पुढची कहाणी मात्र मन लावून वाचावी अशी आहे. मॉरिस बेरेसफोर्ड हे अर्थशास्त्रीय इतिहासाचे अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ, या दोघांनी १९५० पासून १९९० पर्यंत, म्हणजे चाळीस उन्हाळे, तिथे उत्खनन केले. राजवाडा नाही, खजिना नाही. शोध होता तो कुळवाड्याच्या घराचा, त्याच्या मडक्यांचा, त्याच्या मेलेल्या लेकरांच्या हाडांचा. अशी उठलेली मध्ययुगीन गावे इंग्लंडमध्ये सुमारे तीन हजार असल्याचे या अभ्यासांतून पुढे आले. साध्या माणसाच्या चुलीचाही इतिहास असतो, ही जाणीव आपल्याकडे अजून पुरती रुजायची आहे.

उत्तरेच्या टेकड्यांवर मैलोन्‌मैल धावणाऱ्या दगडी भिंती पर्यटकांना फार आवडतात. चुना-माती न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या. कोकणातला माणूस त्यांना सरळ 'गडगा' म्हणेल. यातल्या बऱ्याच भिंती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. त्यापूर्वी गावाचे गायरान सगळ्यांचे होते. गरिबाची एखादी गाय तिथे चरे, सरपण तिथून मिळे. मग पार्लमेंटने एकेका गावासाठी कायदे करून ही सामाईक जमीन खाजगी मालकीची केली. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. भिंत देखणी आहे. पण ती कोणाला बाहेर ठेवण्यासाठी घातली, हे गडग्याच्या दगडावर लिहिलेले नसते.

आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते हेप्टनस्टॉल. कॅल्डर नदीच्या खोऱ्यात, हेब्डन ब्रिजच्या वर, एका उंच सड्यावर वसलेले हे विणकरांचे गाव. काळवंडलेल्या दगडाची घरे आणि वरच्या मजल्यावर एकमेकींना खेटून असलेल्या लांबट खिडक्यांची रांग. या खिडक्या शोभेच्या नाहीत. वर माग असे आणि मागाला उजेड लागे. बायका-मुलांनी लोकर पिंजायची, कातायची आणि पुरुषाने विणायचे. जोडीला एखादी गाय, थोडी जमीन. आठवड्याच्या मेहनतीचा तागा खांद्यावर किंवा तट्टावर टाकून तो बाजारात न्यायचा. डॅनियल डेफो १७२० च्या दशकात या भागातून गेला, तेव्हा प्रत्येक घराजवळ ताणून वाळत घातलेले कापड त्याने पाहिले आणि तसे लिहून ठेवले. हॅलिफॅक्सला या विणकरांच्या मालासाठी बांधलेला 'पीस हॉल' १ जानेवारी १७७९ रोजी उघडला. त्यात ३१५ खोल्या होत्या. इतक्या दिमाखाने उभा राहिलेला हा बाजार दोन पिढ्यांतच ओस पडू लागला.

कारण एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पेटंट घेतले होते. डोंगरापलीकडे लँकेशायरमध्ये सुती कापडाचे हातमागवाले १८२० च्या दशकात फार मोठ्या संख्येने होते. पुढच्या तीसेक वर्षांत त्यांची वाताहत झाली. एप्रिल १८२६ मध्ये उपाशी विणकरांनी गिरण्यांत घुसून हजाराहून अधिक यंत्रमाग फोडले. चॅटर्टन येथे सैन्याने गोळीबार केला आणि माणसे मारली गेली. १८३४-३५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने विणकरांच्या साक्षी नोंदवल्या. ओल्डहॅमचे खासदार जॉन फील्डन स्वतः गिरणीमालक असूनही त्यांची बाजू मांडत होते. पण मजुरीला किमान आधार देणारा कायदा झाला नाही. माणसे टेकडीवरून खोऱ्यात उतरली आणि गिरणीच्या भोंग्यावर जगू लागली. हेप्टनस्टॉल जुने राहिले, कारण ते मागे पडले. त्याचे आजचे सौंदर्य हे त्याच्या दारिद्र्याने जपलेले सौंदर्य आहे.

मँचेस्टरच्या कापडाने आमचा विणकर मारला, हे आपण शाळेपासून वाचत आलो, आणि ते खरेच आहे. हिंदी कापडावर जबर जकात आणि विलायती कापडाला इथला बाजार मोकळा, हा अन्याय सत्तेच्या जोरावर झाला. इंग्रज विणकराची आणि आपल्या विणकराची दशा म्हणूनच एका तराजूत तोलता येणार नाही. पण त्याच यंत्राने आधी घरचा विणकर खाल्ला, हेही ध्यानात घ्यायला हवे. इकडे १८५७ च्या बंडानंतरच्या धरपकडीत आणि दुष्काळांत अलाहाबाद, बनारस, आझमगड, मऊ या बाजूचे मोमीन विणकर कुटुंबकबिल्यासह दक्षिणेकडे निघाले. आग्रा रस्त्याने येत मालेगावला, भिवंडीला स्थिरावले. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर, हेप्टनस्टॉलचा माडीवर. पण घर हाच कारखाना आणि सारे कुटुंब हेच कामगार, हा हिशेब दोन्हीकडे एकच. पुढे विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने यंत्रमाग याच गल्ल्यांत आले आणि आजही त्यांच्या खडखडाटात मालेगावची मुले झोपतात.

धागे आणखीही आहेत. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरला कापूस मिळेना. लाखो लोक मदतीच्या भाकरीवर आले. त्याच वेळी वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच, १८६५ मध्ये, तो फुगा फुटला. एका देशातली उपासमार दुसऱ्या देशातली तेजी होते, आणि दोन्हींत कष्टकरी बुडतो. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. विदेशी कापडाच्या बहिष्काराने बेकार झालेल्या कामगारांना ते भेटले. तुमच्याकडे बेकारी आहे, पण आमच्याकडे त्याहून कितीतरी कोटी माणसे वर्षातले कित्येक महिने रिकाम्या हातांनी बसतात, असे त्यांनी समजावून सांगितले. गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून आनंदाने काढून घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. विणकरांना विणकरांशी वैर नव्हते.

चित्रमय खेड्यांच्या यादीत हॉवर्थचे नाव वर असते. ब्राँटे भगिनींचे गाव म्हणून तिथे वर्षभर माणसे येतात. तिथली उभ्या चढाची फरसबंद गल्ली खरोखर सुरेख आहे. पण १८५० मध्ये बेंजामिन बॅबेज यांनी गावाच्या आरोग्याचा सरकारी अहवाल लिहिला, तेव्हा मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे निघाले. शेकडा ४१ मुले सहा वर्षांची होण्याआधीच मरत होती. टेकडीवरच्या कबरस्तानातून आणि उघड्या गटारांतून झिरपलेले पाणी विहिरींत उतरत होते. ब्राँटे भगिनींचे वडील, धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटे, यांनी स्वच्छ पाण्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या म्हणूनच तो अहवाल झाला. ते स्वतः आपल्या सहाही लेकरांच्या मागे जिवंत राहिले.

पाण्याचीच दुसरी कथा कंब्रियातली. मँचेस्टर शहराला पाणी हवे होते. १९१९ मध्ये कायदा झाला, १९२९ मध्ये हॉज़वॉटरच्या धरणाचे काम सुरू झाले आणि मार्डेल ग्रीन हे चिमुकले गाव पाण्याखाली जायचे ठरले. ऑगस्ट १९३५ मध्ये तिथल्या छोट्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. कबरस्तानातले ९७ देह उकरून शॅप या गावी पुन्हा दफन केले गेले. १९७६, १९८४, १९९५ अशा कोरड्या वर्षांत पाणी खाली गेले की बुडालेल्या गावाच्या भिंती आणि पूल वर येतात आणि लोक ते पाहायला गर्दी करतात.

ज्या गिरणगावांची तहान भागवायला मार्डेल बुडाले, त्यांच्याच शेजारच्या गिरण्यांत पन्नास-साठच्या दशकांत रातपाळीला माणसे मिळेनात. ती आली मीरपूरहून, गुजरातमधून. १९६७ मध्ये पुऱ्या झालेल्या मंगला धरणाने मीरपूरच्या परिसरातल्या लाखाहून अधिक लोकांना उठवले होते. त्यांपैकी अनेकांनी ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्सची वाट धरली. मंगलाचे पाणी उतरले की जुन्या मीरपूरच्या दर्ग्यांचे आणि देवळांचे अवशेषही असेच वर येतात. बुडालेल्या गावाचा माणूस बुडालेल्या गावाच्या मुलखात सूत काढायला आला. कोयना, उजनीच्या पोटात ज्यांची गावे गेली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे त्या गिरण्याही बंद पडल्या. माणसे मात्र राहिली आणि त्यांची नातवंडे यॉर्कशायरच्याच ढबीत बोलतात.

मग ही गावे, हे डोंगर कोणाचे? २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या शेकडो तरुण कामगारांनी किंडर स्काउट या डोंगरावर जमीनदाराची मनाई मोडून चढाई केली. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणि १९५१ चे पहिले राष्ट्रीय उद्यान, पीक डिस्ट्रिक्ट, यांमागे त्या चळवळीचे बळ होते. त्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये २०२१ च्या नाताळात मुस्लिम पदयात्रींचा एक मोठा गट फिरायला गेला, तेव्हा इंटरनेटवर काहींनी त्यांना हिणवले. इतर अनेकांनी त्यांचे स्वागत केले, हेही नोंदवायला हवे. हिणवणाऱ्यांना ठाऊक नसावे की ज्या गावांच्या नावाने ते बोलत होते, त्यांतली कित्येक नावे परक्यांनीच ठेवलेली आहेत.

इंग्रजांनी आपले दगड जपले. पीस हॉल दुरुस्त होऊन २०१७ मध्ये पुन्हा उघडला. विणकरांच्या घरांना कायद्याचे संरक्षण आहे. हे घेण्यासारखे आहे. पण दगडांबरोबर विणकराची साक्ष, बालमृत्यूंचा अहवाल, गायरानाचा कायदाही त्यांनी जपला, म्हणून तर आपण आज चित्राच्या मागे पाहू शकलो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या गल्ल्यांत खड्डामागावर बसलेली शेवटची माणसे आता थकली आहेत. ताण्या-बाण्याची त्यांची परिभाषा, उत्तरेतून आल्याच्या त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या हकीकती अजून कुठल्या दप्तरात नाहीत. त्या लिहून घेण्यासाठी चाळीस उन्हाळे लागणार नाहीत. एक वही आणि रोज संध्याकाळी तासभर बसण्याची तयारी पुरेल. कोणाच्या तरी घरातला दिवा विझण्याआधी हे व्हायला हवे.