निवेदन कुणाच्या नावानं?

आमच्या घरात १९८२ सालाच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. वडील गिरणी कामगार, त्यामुळे त्यांची गोष्ट १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या संपापासून सुरू होते. थोरले काका, म्हणजे आमचे अण्णा, मुंबई पोलिसांत शिपाई होते; त्यांची गोष्ट ऑगस्टमधली. दोघे सख्खे भाऊ, साताऱ्याकडच्या एकाच घरातून निघून वरळीच्या बीडीडी चाळींत येऊन राहिलेले. गिरणी संपावर पुस्तकं निघाली, नाटकं-सिनेमे झाले. पोलिसांच्या बंडाबद्दल मात्र मुंबईतच जन्मलेल्या माझ्या पिढीलाही फारसं ठाऊक नसतं. मला जे ठाऊक आहे ते बरंचसं काकीमुळे. अण्णा या विषयावर बोलायला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात.

पोलिसाला संघटना कशाला हवी, असं मी एकदा त्यांना विचारलं. उत्तरादाखल त्यांनी ट्रंकेतून एक बोटभर जाडीची वही काढून दिली. पुढच्या पानांवर ड्युटीच्या नोंदी: नाकाबंदी, कोर्ट, गणपती बंदोबस्त, मधूनच सलग दोन रात्री. वही उलटी धरली की शेवटच्या पानापासून दुसरा हिशोब सुरू होतो. कोथिंबीर, दूध, इस्त्रीचे कपडे, कुत्र्याचं मटण. हा साहेबांच्या बंगल्यावरच्या ऑर्डर्ली ड्युटीचा हिशोब. पोलीस म्हणून भरती झालेला, कवायत शिकलेला जवान माणूस सकाळी पिशवी घेऊन मंडईत जायचा आणि संध्याकाळी बाईसाहेबांना पै-पैचा हिशोब द्यायचा. त्या पानांवर एके ठिकाणी चार आण्यांचा फरक आला आहे आणि शेजारी लिहिलंय, ‘माझ्याकडून भरले’.

हे एकट्या अण्णांचं दुखणं नव्हतं. धरम वीर यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिला अहवाल फेब्रुवारी १९७९ मध्ये आला. त्याचा मोठा भाग शिपायांच्या हालांवरच होता. खालच्या दर्जाचे पोलीस दिवसाला दहा ते सोळा तास, आठवड्याचे सातही दिवस राबतात, हे त्यात नोंदलेलं आहे. त्याच सुमाराला मंत्रालयातल्या कारकुनांनी काय मिळवलं, तेही पोलीस बघत होते. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १४ डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवस संप केला. त्या संपाच्या बंदोबस्ताला अण्णा होते. घोषणा देणाऱ्यांच्या आणि त्यांच्या पगारात फारसा फरक नव्हता, पण एका बाजूला मागणीपत्र होतं आणि दुसऱ्या बाजूला काठी.

पोलिसाला संघटना करायला कायद्यानं अगदी बंदी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा म्हणतो की सरकारच्या स्पष्ट परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं किंवा राजकीय संस्थेचं सभासद होता येणार नाही. कायदा मोडला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. म्हणजे दार आहे, कडी सरकारच्या बाजूला आहे. दिल्लीत ती कडी एकदा उघडली होती, पण तिथल्या पोलिसांच्या १९६७ च्या आंदोलनानंतर ती पुन्हा लागली आणि पुढे १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सरकारचीच बाजू उचलून धरली. राज्यकर्त्यांना वाटणारी भीतीही उगाच नव्हती. १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांनीच बंड केलं, लष्कर आणावं लागलं आणि मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठींची खुर्ची गेली. १९७९ मध्ये पंजाबपासून सुरू झालेलं पोलीस आंदोलन राज्याराज्यांत पसरलं. अशा हवेत महाराष्ट्रातल्या पोलिसांची संघटना उभी राहिली, तिला सरकारची मान्यताही मिळाली. अण्णांनी वर्गणी भरली. पावती आजही त्या वहीत आहे.

मग १९८२ उजाडलं. अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर, आणि गेटवर त्यांना अडवायला उभे पोलीस त्यांच्याच गावचे, त्यांच्याच भावकीतले. वडिलांच्या गिरणीवर बंदोबस्त लावू नका, अशी विनंती अण्णांनी तोंडी केली होती. ती मानली गेली की योगायोग होता, कोण जाणे, पण दोघे भाऊ गेटवर समोरासमोर आले नाहीत. संध्याकाळी मात्र एकाच घरातून दोघांच्या पोरांची पानं वाढली जायची, कारण वडिलांचा पगार बंद होता आणि चूल शिपायाच्या पगारावर चालली होती.

१५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. त्या फिती काकीनं बेतल्या. “घरात दुसरं काळं कापड नव्हतं रे. छत्रीची एक काडी मोडलेली, तीच उसवली.” बाहेर पाऊस, आणि घरातली एकमेव छत्री कापून काकीनं फिती केल्या, कडा दुमडून टाके घातले. मजल्यावरच्या बायका येऊन आपापल्या नवऱ्यापुरती फीत घेऊन गेल्या. मी हे ऐकतो तेव्हा मला संघटनेच्या सभेपेक्षा तो व्हरांडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्यावर कुठल्याच सेवानियमाचं बंधन नव्हतं अशा बायका त्या दिवशी पहिल्यांदा या भांडणात उतरल्या.

तीन दिवसांनी सरकारनं संघटनेच्या नेत्यांना अटक केली. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते, ज्युलिओ रिबेरो पोलीस आयुक्त. १८ ऑगस्टची पहाट काकी सांगते ती अशी: नळावर हंडा लावायला खाली उतरले तर आवारात बंदूकवाले जवान, आपल्या लाईनीला वेढा, आपल्याच माणसांवर. दिवसभरात पोलीस रस्त्यावर आले, रुळांवर बसले, लोकल थांबल्या, संपावरचे गिरणी कामगार त्यांच्या बाजूनं उतरले. मग त्यात लुटालूट आणि जाळपोळही घुसली. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं गेली. पोलिसांनी शहर वाऱ्यावर सोडलं, हा आरोप खराच आहे, आणि अण्णा जिथे बोलता बोलता थांबतात ती जागा हीच आहे. संघटनेची मान्यता गेली. अण्णांच्या मजल्यावरच्या एकाला चौकशीविना बडतर्फ केलं. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात अशी सोय आहे, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुलसीराम पटेल खटल्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या गृहस्थांनी पुढची सगळी वर्षं एका गोदामावर वॉचमन म्हणून काढली.

त्यानंतर पोलिसांनी सरकारदरबारी आपलं म्हणणं मांडणं सोडलं का? नाही. ते नुसतं चोरवाटेनं सुरू झालं, आणि मला खरं दुःख आहे ते याचं. बदली हवी, क्वार्टर हवं, बढती अडली, की गाठायचा तो गावाकडचा आमदार. वर्तणूक नियम सांगतात की सरकारी नोकरानं राजकीय दबाव आणायचा नाही, म्हणून अर्ज बायकोच्या नावानं. अण्णांची रत्नागिरीकडची बदली टळावी म्हणून काकी एका आमदाराच्या बैठकीबाहेर सकाळपासून बसली होती. काम झालं. पुढच्या निवडणुकीत त्या आमदाराचा माणूस घरी आला आणि अण्णांनी खुर्ची दिली, चहा दिला. संघटना असती तर अण्णा आयुक्तांशी आणि गृहखात्याशी उघडपणे बोलले असते, ते बोलणं कागदावर आलं असतं. ती मोडली आणि प्रत्येक शिपाई एकेकटा कुणा ना कुणाचा मिंधा झाला. पोलिसांत राजकारण नको म्हणून जे केलं, त्यानं राजकारण थेट बक्कल नंबरापर्यंत पोचवलं.

वडिलांचं मत याहून कडक आहे. गिरणी गेली, संप हरला, सगळं गेलं, तरी ते म्हणतात, “आम्ही आमच्या नावानं भांडलो. अण्णाला ते कधी मिळालं नाही.”

बीडीडी चाळींचा पुनर्विकास ठरला तेव्हा हेच पुन्हा दिसलं. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या निवृत्त पोलिसांच्या कुटुंबांना पाचशे फुटांची घरं मालकीनं द्यायची तर किती पैसे घ्यायचे? २०२२ मध्ये आधी ५० लाख सांगितले, मग २५ लाख, सरकार बदलल्यावर १५ लाख. हा आकडा खाली आणायला कुठली पोलीस संघटना नव्हती. बायका, मुलं आणि निवृत्त हवालदार होते. निवेदनावरच्या पहिल्या काही सह्यांत काकीची सही आहे, मोडी वळणाची, जरा तिरकी.

माझी पुतणी आज मुंबईतल्या एका ठाण्यात शिपाई आहे. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो तिथल्याच एका शिपायाच्या डोक्यातून निघाला आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी उचलला. ऐकणारा साहेब मिळाला म्हणून ते झालं. सणवार नि निवडणुका आल्या की आठ तासांचे चौदा होतात, असं ती सांगते. संपाचा हक्क तिला नको आहे, मलाही तो पोलिसांना द्यावासा वाटत नाही. १८ ऑगस्ट आमच्या घरानं जवळून पाहिला आहे. पण केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे, ती निवडणुका घेते, अधिवेशनं भरवते, सरकारशी बोलते, आणि केरळ काही बुडालेलं नाही. महाराष्ट्र सरकारनं मनात आणलं तर त्याच १९६६ च्या कायद्याच्या आधारानं इथेही ते करता येईल.

तोवर पुतणीकडे आहे तो दरबार, म्हणजे वरिष्ठांपुढे एकेकानं उभं राहून आपली अडचण सांगायची जुनी रीत. पुढच्या दरबारासाठी तिनं तीन मुद्दे काढलेत: क्वार्टर, अडवलेली रजा, रात्रपाळीनंतर लगेच लागणारा बंदोबस्त. ठाण्यातल्या निम्म्या लोकांचे मुद्दे हेच आहेत. तिनं विचारलं, सगळ्यांच्या वतीनं बोलले तर चालेल का? अण्णांनी सांगितलं, “नाही. स्वतःपुरतंच बोल.”