कार्लाइलची खोली आणि सबाईनच्या गाद्या

‘घरातली खोली स्वस्तात साउंडप्रूफ कशी करू?’ हा प्रश्न मला सारखा येतो. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

१८५३, लंडन. शेजारचे कोंबडे आणि रस्त्यावरचे वाद्यवाले यांना लेखक थॉमस कार्लाइल वैतागला होता. त्याने चेल्सीतल्या घराच्या माथ्यावर खास खोली बांधून घेतली. दुहेरी भिंती, उजेडाला छतात काच. पैसा गेला, पण शांतता काही आली नाही. लांबचे आवाज आत येतच राहिले.

१८९५, हार्वर्ड. तिथल्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाने रात्री जवळच्या थिएटरमधल्या गाद्या आणल्या, ऑर्गनची नळी वाजवून घुमणं मोजलं आणि सकाळच्या आत गाद्या परत! जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी.

आता गंमत बघा. ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत लागते आणि एकही फट चालत नाही. आतलं घुमणं मारायला मऊ, जाड कापड पुरतं. म्हणून भिंतीला गोधडी किंवा फोम लावला तरी रिक्षाचा हॉर्न ऐकू येणारच.

तेव्हा आधी दाराखालची फट बुजवा, खिडकीला रबरी पट्टी लावा. मग गोधडी टांगा. उरलेल्या हॉर्नसाठी माझा उपाय फुकट आहे: मी रात्री उशिरा रेकॉर्ड करतो.