नांगर: शेतातला आणि समुद्रातला

रबाळ्याहून ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याकडे गेलं की खाडीत होड्या नांगरलेल्या दिसतात. दोर ओढून नांगर वर घेतला की त्याच्या लोखंडी बोटांत काळा, बुळबुळीत गाळ अडकलेला असतो. तो पाण्यात खळबळून झाडायचा आणि निघायचं. खाडीचा चिखल मऊ. दोन-चार भरत्यांत तळावरचा ओरखडा बुजतो.

आपण शेत नांगरतो, होडीही नांगरतो. शब्द एक, पण कुळं दोन. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'चा. ऋग्वेदात तो आहे, आणि संस्कृतनेही तो मुंडा-ख्मेर भाषांकडून घेतला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. समुद्रातला नांगर म्हणजे फारसी 'लंगर'. दर्यावर्दींबरोबर तो आपल्या बंदरांत उतरला आणि, मला वाटतं, ओळखीचं नाव ऐकून इथल्या जिभेने त्यालाही नांगर करून टाकलं.

वस्तू मात्र लोखंडाच्या नांगराहून जुनी. द्वारकेच्या समुद्रतळावर तीन भोकांचे दगडी नांगर सापडले आहेत. वरच्या भोकात दोर, खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट्या. दगडाच्या वजनाने होडी थांबायची, खुंट्या तळात रुतायच्या.

तळाशी समुद्री गवत असेल तर हे रुतणं महागात पडतं. हे शेवाळ नव्हे. मुळं, फुलं, बी असलेली वनस्पती आहे. तिची आडवी खोडं वाळूखाली जाळं विणतात आणि वाळू धरून ठेवतात. कोकण-गोव्याच्या खाड्यांत 'हॅलोफिला बेकारी' ही इवल्या पानांची जात उगवते, आणि ती जगभर धोक्यात आहे. नांगर हे जाळं उपटतो. वाऱ्याने होडी फिरली की साखळीही गोल घासत जाते आणि गवतात टक्कल पडतं. काही जातींना ते भरून काढायला कित्येक वर्षं लागतात.

पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला आणि जिजाऊंनी तिथेच सोन्याचा नांगर फिरवून घेतला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात असाच दुसरा, उजाड तळ पुन्हा वसवणारा नांगर फिरतो आहे: बांबूच्या चौकटींवर काथ्या ताणून त्याला गवताची रोपं बांधतात आणि ती चौकट तळाशी ठेवतात. त्याच भागात 2022 मध्ये डुगाँग या समुद्री प्राण्यासाठी 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. डुगाँग जगतो तो याच गवतावर.

पण लावण्यापेक्षा न उपटणं सोपं. तळाशी एकदाच पक्का खिळा रोवायचा, त्याला तरंगता बोया जोडायचा आणि येणाऱ्या होडीने त्यालाच दोर बांधायचा. साखळीऐवजी ताणला जाणारा दोर वापरला तर तळ घासलाही जात नाही. कोकणात होडीने फिरायला गेलात तर तांडेलदादांना एवढंच सांगा: बोया असेल तर त्याला बांधा, नसेल तर नांगर मोकळ्या वाळूवर टाका, गवतावर नको.