लासलगावचे ‘कृषक’ केंद्र : कांद्याला किरण मारतात म्हणजे नेमके काय?

लासलगाव (ता. निफाड) : उन्हाळ कांदा चाळीत पडला की शेतकऱ्याला तीन काळज्या असतात : सड, घट आणि कोंब. यातल्या फक्त कोंबावर इलाज करणारे केंद्र लासलगावात 2002 पासून आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या केंद्राचे पूर्ण नाव कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, म्हणजेच ‘कृषक’.

इथे कोबाल्ट-60 वापरतात. हा खाणीत मिळत नाही. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून तो तयार करावा लागतो. भारतात हे काम राजस्थानातील रावतभाटा येथील अणुभट्ट्यांत होते. त्याची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, त्यामुळे अधूनमधून नवा भरावा लागतो. काम नसेल तेव्हा तो खोल पाण्याच्या हौदात असतो. काम सुरू झाले की वर येतो आणि जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीतून माल त्याच्यासमोरून फिरवला जातो.

कांद्याला साधारण 60 ते 90 ग्रे इतकाच डोस लागतो. त्याने आतला कोंबाचा डोळा मरतो. कांदा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढला म्हणून माणूस होतो का, तसेच. मात्र काढणीनंतर कांदा नीट सुकवून लवकर किरण द्यावे लागतात. आत कोंब धरल्यावर उशीर झालेला असतो.

आता गावात नीट न सांगितली जाणारी गोष्ट. किरण दिलेल्या कांद्याला डेंगळे येणार नाहीत, म्हणून बियाण्यासाठी ठेवायचा कांदा इथे चुकूनही पाठवू नये. सड किरणांनी थांबत नाही, वजनातली घटही नाही. ओला, मार लागलेला माल किरण देऊनही सडणारच. जास्त दिवस टिकवायचा तर शीतगृहाची जोड लागते, आणि भाड्याचा हिशेब तिथेच अडतो.

केंद्राचे नाव जगात गाजले ते कांद्यामुळे नाही, आंब्यामुळे! 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, अट होती 400 ग्रे किरणांची. कोयीतली कीड त्याने वाढू शकत नाही. कोकणचा हापूस नाशिकमार्गे अमेरिकेला गेला तो असा.

हाच कोबाल्ट-60 कॅन्सरच्या उपचारात आणि सिरिंज, सलाईनच्या नळ्या निर्जंतुक करायलाही वापरतात. किरण दिलेल्या पाकीटबंद खाद्यपदार्थावर तशी नोंद व हिरवे गोल चिन्ह छापणे बंधनकारक आहे.