जुन्या नाण्याला लागणारा बट्टा

‘नावाला बट्टा लागला’ असं आपण सहज बोलून जातो. हा बट्टा मुळात नाण्याला लागायचा. मुघल आणि मराठा काळात टांकसाळीतून नुकताच आलेला रुपया पूर्ण किमतीला चालायचा. तो काही वर्षं हाताळला गेला, झिजला किंवा परक्या मुलखातला निघाला, की सराफ त्याची किंमत कमी धरायचा. ही कपात म्हणजे बट्टा. त्या बाजारात नाणं जितकं जुनं, तितका त्याचा भाव खाली.

आपल्या फोनवर मात्र नेमकं उलटं दिसतं. ‘दीडशे वर्षं जुना राणीछाप रुपया, किंमत तीन लाख.’ मी नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्याकडे असे रुपये घराघरात आहेत, म्हणून या जाहिरातींकडे मला नुसती गंमत म्हणून पाहता येत नाही.

नंदुरबार हे सुरत-बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी वाटेवरचं गाव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेकडे महमूदी हे चांदीचं नाणं चालायचं, तर बऱ्हाणपूरकडे मुघलांचा रुपया. या वाटेवर सराफाशिवाय व्यापाऱ्याचं पान हलत नसे. सराफ नाणं तोलायचा, दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा. ‘खणखणीत नाणं’ हा शब्द तिथलाच.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी एकसारखा रुपया आणला. वजन ११.६६ ग्रॅम, त्यातले बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हे वजन म्हणजे बरोबर एक तोळा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणून ८० रुपये पारड्यात टाकले की शेर भरायचा. नाणं हेच वजनमाप झालं.

हाच रुपया सातपुड्यात पोहोचला. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या भिल्ल आणि पावरा बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा आल्या. प्रत्येक नाण्याला डाग देऊन कडी बसवायची आणि ओवायचं. काठीच्या होळीला गेलात तर आजही दिसतील. बँक डोंगराखाली, पण बचत गळ्यात. दुष्काळात किंवा दुखण्याखुपण्यात त्यातले दोन-चार रुपये वजनावर विकता येत.

आता फोनवरची तीच नाणी पाहू. १८६२ साल असलेला रुपया ‘दुर्मिळ’ म्हणून मिरवतो. पण टांकसाळींनी १८७४ पर्यंत नाण्यांवर १८६२ हेच साल ठेवलं होतं. त्याआधीच्या कंपनीच्या रुपयावरही १८४० साल असंच वर्षानुवर्षं छापलं गेलं. अशी नाणी कोट्यवधींनी निघाली. साल जुनं असलं, तरी नाणं दुर्मिळ असतंच असं नाही.

दुर्मिळ रुपये आहेतच. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, वाटप थांबलं आणि उरलेली नाणी वितळवली गेली. १९३९ चा चांदीचा रुपयाही क्वचित सापडतो. किंमत ठरते ती किती नाणी उरली, कोणत्या अवस्थेत आहेत आणि घेणारे किती, यावर.

काही जाहिराती तर सरळ थापा असतात. राम दरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ कंपनीने कधी पाडलंच नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं, २०१२ सालचं, व्यवहारात चाललेलं. त्याच्याही लाखांच्या गोष्टी पसरतात. जाहिरातीत कोणीही कोणताही आकडा टाकू शकतो. दुसरा तोच बघून आपला आकडा टाकतो. तो मागितलेला भाव असतो. त्या भावाला कोणी विकत घेतलं, याचा पुरावा तिथे नसतो.

याच आकड्यांच्या जोरावर पुढचा डाव पडतो. ‘तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणीचे आणि जीएसटीचे पैसे भरा.’ सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून स्पष्ट केलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

यात पणाला लागते ती आजीची माळ. लाखांच्या आशेने नातू कड्या कापतो, नाणी घासून चकचकीत करतो. कडी लावलेल्या नाण्याला संग्राहक आधीच कमी भाव देतात. घासलेल्याला त्याहून कमी. माळ मात्र कायमची तुटते. तिचं खरं मोल सोपं आहे: जुन्या चांदीच्या दहा रुपयांत सुमारे १०७ ग्रॅम शुद्ध चांदी, झीज थोडी वजा. त्यावर आजच्या चांदीचा भाव लावा.

१९४० पासून मात्र रुपयात निम्मीच चांदी उरली आणि १९४७ चा रुपया निकेलचा. म्हणून साल बघायचंच, पण चांदी किती हे कळण्यासाठी. मग नाणं काट्यावर ठेवायचं. फोनवरचा फोटो तोलता येत नाही आणि आपटून त्याचा आवाजही ऐकता येत नाही.